वेदनेची चिठ्ठी

जुनाट दुखण्यावर ट्रॅमाडॉल लिहिलेली चिठ्ठी पुढे केली, की औषध दुकानदार आधी माणसाकडे बघतो. त्याचीही पंचाईतच! रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. त्यात २०१८मध्ये हे औषध १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलं. २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिनची वाट सोपी केली, मान्यताप्राप्त रुग्णालयं ते ठेवू शकतात, हे मात्र कितीजणांना ठाऊक?

पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७पासून कर्करुग्णांच्या वेदनाशमनाचं काम करतं. शिरूर-दौंडहून तिथे जायचं म्हणजे दिवस मोडतो.

म्हणून या अंकात आम्ही रुग्ण आणि दुकानदार, दोघांनाही बोलतं केलं आहे. काउंटरच्या अलीकडचा असो वा पलीकडचा, तुमचा अनुभव जरूर कळवा.