आवाजाला आवाजाचे उत्तर

शहरातील दाटीच्या वस्तीत शेजारी निवडून घेता येत नाही. भिंत एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. मग शेजारच्या घरातील गाणेही हळूहळू सामाईक होऊन बसते. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, सकाळी परीक्षा आहे, आतल्या खोलीत आजारी आजीचा नुकताच कोठे डोळा लागला आहे, आणि भिंतीपलीकडे कोणाच्या तरी ध्वनिवर्धकाचा ठेका धडधड वाजतो आहे! असा प्रसंग ज्याच्यावर ओढवला असेल, त्याच्या मनात संताप दाटून आला तर नवल नाही. 'एवढेही सोसवत नाही का?' असे त्याला विचारणारा माणूस बहुधा दुसऱ्या गल्लीत राहणारा असतो.

याच संतापातून एक कल्पना जन्माला येते. घरात एखादा होतकरू, यंत्रांची आवड असलेला तरुण असतो. विजेच्या तारा जोडणे, डाख देणे, जुने रेडिओ खोलून पाहणे यात त्याचा हात बसलेला असतो. त्याला वाटते, विजेरीचा झोत जसा एकाच जागी पाडता येतो, तसा आवाजाचा झोत त्या एकाच खिडकीवर सोडता आला तर? आपल्या घरी शांतता राहील, अन्य कोणाला उपद्रव होणार नाही आणि ज्याने त्रास दिला त्यालाच तो परत मिळेल. ऐकताना ही योजना न्यायाची वाटते. तिच्यात बुद्धीही आहे. म्हणूनच तिचा विचार नीट व्हावयास हवा.

आवाजाचा झोत ही निव्वळ कविकल्पना नव्हे. ध्वनी म्हणजे हवेतील लहरी. सामान्य तपमानात त्या सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने धावतात. सेकंदाला 1,000 कंपने असलेल्या स्वराची एक लहर सुमारे 34 सेंटिमीटर लांब असते. ढोलासारख्या खर्जातील, म्हणजे 60 कंपनांच्या आवाजाची लहर साडेपाच मीटरांहूनही लांब भरते. लहरींना एका दिशेने न्यावयाचे असेल, तर त्या बाहेर टाकणारे साधन लहरीच्या लांबीहून चांगलेच मोठे लागते. लहान साधनातून निघालेली मोठी लहर पाण्यावरील तरंगाप्रमाणे चहूकडे पसरते. म्हणून हातभर कर्ण्यातून बारीक आवाज काहीसा नेमाने नेता येतो, परंतु खर्जाला वळण लावण्यासाठी घराएवढा कर्णा बांधावा लागेल!

शास्त्रज्ञांनी या अडचणीवर एक चतुर तोड काढली. माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला 20,000 कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. अशा अश्राव्य ध्वनीच्या लहरी फार आखूड असतात. 40,000 कंपनांची लहर जेमतेम साडेआठ मिलिमीटरांची. त्यामुळे तळहाताएवढ्या फळीवर रुपयाच्या नाण्याहून लहान अशी स्फटिकयंत्रे ओळीने बसवली, तरी त्यांचा एक अरुंद झोत तयार होतो. आता 40,000 आणि 41,000 कंपनांचे दोन प्रबळ ध्वनी एकाच वेळी सोडले, तर वाटेतील हवाच त्यांचे मिश्रण करते आणि त्यांतील फरकाचा, म्हणजे 1,000 कंपनांचा स्वर त्या झोतात ऐकू येऊ लागतो. हे तत्त्व पीटर वेस्टरव्हेल्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1963 साली मांडले. पुढे 1983 साली जपानमधील संशोधकांनी त्यावर चालणारा ध्वनिक्षेपक तयार करून दाखवला. एका चित्रासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकालाच त्या चित्राची माहिती ऐकू यावी, शेजारच्याला येऊ नये, अशी सोय यामुळे संग्रहालयांत करता येते. असे साधन घरी बनवणारे हौशी लोक आज ठिकठिकाणी आहेत, आणि ते बनवताना पुष्कळ विज्ञान शिकावयास मिळते यात संशय नाही.

परंतु हेच साधन शेजाऱ्याच्या भिंतीकडे वळवले की सगळी गंमत उलटते. आखूड लहरी भिंतीतून जात नाहीत. विटांच्या भिंतीवर त्या आदळतात आणि आरशावरून प्रकाश परतावा तशा परततात; तेव्हा झोत येऊन पडतो तो पाठवणाऱ्याच्याच कानांवर. भिंतीतून पार जातो तो खर्जाचा आवाज. भिंत जितकी जड आणि स्वर जितका उंच, तितका आवाज अधिक अडतो. स्वर जितका खालचा, तितका तो सहज निसटतो. वरच्या मजल्यावरील गाण्याचे शब्द कळत नाहीत, ठेका मात्र पोहोचतो, तो यामुळेच. सारांश, ज्याला दिशा देता येते तो आवाज भिंत ओलांडत नाही आणि जो भिंत ओलांडतो त्याला दिशा देता येत नाही. खिडकीतून झोत सोडावा, तर समोरची खिडकी उघडी हवी आणि शेजारी नेमका तेथेच बसलेला हवा. त्यातून कुत्र्या-मांजरांचे कान माणसाहून तीक्ष्ण. मांजराला तर हा मूळचा अश्राव्य ध्वनीही ऐकू येतो. तेव्हा शासन होणार ते शेजाऱ्याच्या मांजराला, आणि त्या बिचारीने कधी ढोल वाजवलेला नसतो.

झोताने काम होत नाही असे दिसताच सूड घेऊ पाहणारा माणूस खर्जाकडे वळतो. दक्षिण कोरियात हे पुरेपूर अनुभवास आले आहे. तेथील निम्म्याहून अधिक कुटुंबे उंच इमारतींतील सदनिकांत राहतात. वरच्या मजल्यावरील पावलांचा आवाज हा तेथे भांडणाचा नित्याचा विषय. इतका की, अशा तंट्यांत सल्ला देण्यासाठी सरकारने 2012 साली एक स्वतंत्र केंद्र उघडले. तरीही छताला चिकटवून वरच्या बिऱ्हाडाला हादरे देणारे ध्वनिवर्धक तेथे विकले गेले आणि लोकांनी ते घेतले. 2021 साली वरच्या मजल्याच्या आवाजाने त्रासलेला एक भाडेकरू वारंवार रात्री-अपरात्री भिंतीवर ठोकत राहिला, मोठ्याने संगीत लावीत राहिला. त्याला आठ महिन्यांचा कारावास सुनावण्यात आला. ती शिक्षा दोन वर्षे स्थगित ठेवली होती, तरी दोष कायम राहिला. डिसेंबर 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, शेजाऱ्यांना भय वाटेल अशा रीतीने जाणूनबुजून, पुनःपुन्हा केलेला आवाज हा पिच्छा पुरवण्याचाच गुन्हा ठरू शकतो, असा निर्णय दिला. तक्रारदार म्हणून ज्याने आरंभ केला तो गुन्हेगार म्हणून उभा राहिला.

आणि त्या इमारतीतील इतरांचे काय? खर्जाचा आवाज काँक्रीटमधून खाली, वर, बाजूला सर्वत्र जातो. ज्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नाही अशा घरांत एखादे तान्हे मूल असेल, रात्रपाळी करून आलेला कामगार झोपला असेल. पहिल्या घराचा आवाज त्यांनी सोसला होता. आता दोन घरांचा सोसावयाचा. एका आवाजात तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा मिसळला, तर तो सुमारे तीन डेसिबेलने वाढतो, कमी होत नाही. उलट लहरींनी आवाज पुसून टाकण्याची युक्ती आहे खरी. पॉल लुएग या जर्मन शोधकाला तिचे पेटंट 1936 साली मिळाले. पण ती कानावर बसवलेल्या यंत्रात साधते, घरभर साधत नाही. कारण जागोजागी लहरींचा मेळ निराळा असतो.

कोणी म्हणेल, 'सांगून पाहिले, विनवून पाहिले. आता गप्प बसावे काय?' हा प्रश्न खोटा नाही. गप्प बसण्याचा उपदेश करणे हा त्या माणसावर दुसरा अन्याय होय. भारतात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेल अशी मर्यादा घालून दिली आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतचा काळ रात्र मानला आहे. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानेही शांततेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, ही भूमिका उचलून धरली. तेव्हा तारीख-वेळ लिहून ठेवणे, गृहसंस्थेकडे लेखी तक्रार देणे, वेळ पडल्यास पोलिसांना कळवणे, हे सारे रास्त आहे. ही वाट लांबची आहे, कंटाळवाणी आहे, आणि पहिल्या खेपेस बहुधा फळत नाही. तथापि आपणही छताला ध्वनिवर्धक लावला की ही वाटही बंद होते; कारण प्रथम कोणी वाजवले हे नियम विचारीत नाही.

शिवाय बोलण्याचीही वेळ असते. रात्री दार ठोठावून केलेली तक्रार भांडण होते. तीच दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितली तर कित्येकदा समोरच्याला धक्काच बसतो, कारण आपला आवाज पलीकडे जातो हे त्याला ठाऊकच नसते. ध्वनिवर्धक भिंतीपासून हात-दोन हात दूर सरकवणे, त्याखाली जाड रबर घालणे, खर्जाची कळ कमी करणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. यंत्रांत हात बसलेल्या तरुणाने आपली बुद्धी येथे खर्चावी. शेजाऱ्याच्या घरी जाऊन हे काम त्याने स्वतः करून दिले तर अधिकच बरे. लंडनमध्ये टॉमस कार्लाइल या लेखकाने शेजारच्या कोंबड्यांना आणि पियानोला कंटाळून 1853 साली घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची खोली बांधवून घेतली. खर्च पुष्कळ झाला, आवाज येतच राहिला. कोंबड्यांचा प्रश्न अखेर सुटला तो त्याच्या पत्नीने शेजाऱ्यांशी केलेल्या बोलण्यांमुळे.

त्याच शहरात चार्ल्स बॅबेज राहत असे. गणकयंत्राचा आराखडा आखणारा हा गणिती रस्त्यावरील वाजंत्र्यांनी हैराण झाला होता. त्याने तक्रारी केल्या, लेखन केले, आणि 1864 साली अशा वाजंत्र्यांना आळा घालणारा कायदाही झाला. यावर त्याच्या शेजारपाजारचे काही लोक चिडले. त्याच्या दारापुढे मुद्दाम बँड वाजवण्यात आले. एक शेजारी तर कित्येक महिने रोज अर्धा तास आपल्या खिडकीत उभा राहून त्याच्या बागेच्या दिशेने पत्र्याची शिट्टी फुंकीत असे. बॅबेजला त्याचा त्रास झालाच असेल. पण ती शिट्टी सर्वांत मोठ्याने वाजत होती ती फुंकणाऱ्याच्या स्वतःच्या खोलीत.