चिचगडच्या काळ्या मशीनवर सुपरहिरो

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलाला सुपरमॅन व्हायचं असेल तर त्याचा पोशाख विकत मागवू नका, भाड्यानेही आणू नका, घरी शिवा. हे मी काटकसरीसाठी सांगत नाही. पार्सलने येणारे बरेचसे पोशाख पातळ पॉलिस्टरचे, गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड आणि पाठीला चेन लावलेले असतात. आत माया सोडलेली नसते, त्यामुळे पुढच्या वर्षी उसवून वाढवायची सोय नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला लघवीला जायचं झालं, तर चेन उघडायला दुसरं माणूस लागतं. केप गळ्याशी नाडीने बांधलेली असते. धावताना ती दाराच्या कडीत अडकली तर गळ्याला फास बसेल, एवढाही विचार कुणी केलेला नसतो.

देवरी तालुक्यातल्या चिचगडसारख्या गावात घरोघरी दिसते ती काळी, पायाची मशीन. ती फक्त सरळ टीप मारते, म्हणून ताणाचं कापड तिच्यावर शिवता येत नाही, असं आपल्या बायका धरून चालतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला 1938 मध्ये. लायक्राचा धागा अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत तयार झाला 1958 मध्ये. म्हणजे हा पोशाख त्या कापडाहून वीस वर्षांनी थोरला आहे. घट्ट विजार आणि तिच्यावर लाल चड्डी हा थाट सर्कशीतल्या पहिलवानांचा आणि कसरतपटूंचा. लायक्रा येण्याआधी अंगासरशी बसणारे कपडे विणीच्या कापडाचेच होत. तेच होजिअरीचं कापड आज लेगिंग आणि टी-शर्टच्या रूपात आठवडी बाजारात मिळतं.

तेव्हा कापड म्हणून दोन मोठ्या मापाच्या लेगिंग किंवा मोठा टी-शर्ट घ्या. कापड ज्या बाजूला जास्त ताणतं ती बाजू अंगाभोवती आली पाहिजे, हे कापण्याआधी हाताने ओढून बघा. मापासाठी मुलाला नीट बसणारा टी-शर्ट आणि लेगिंग वर्तमानपत्रावर पसरा, कडेने पेन फिरवा, अर्धा इंच माया सोडा. फॉर्म्युलाच हवा असेल तर छातीच्या मापातून दहावा हिस्सा वजा करा: छाती 26 इंच असेल तर तयार कपडा साधारण साडेतेवीस इंचांचा. कापड ताणून अंगावर बसतं, सुरकुती राहत नाही. वरचा भाग आणि विजार मात्र वेगवेगळेच शिवा.

आता शिलाई. नेहमीच्या सुईचं टोक अणकुचीदार असतं, ते विणीचा फासा तोडतं आणि तिथून भोक वाढत जातं. बॉल पॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ती फासे बाजूला सारून आत शिरते. 11 नंबरची घ्या. कापड प्लेटच्या भोकात ओढलं जात असेल किंवा टाके सुटत असतील, तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून तिच्यासकट टीप मारा, मग कागद अलगद फाडून टाका. दोरा पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा ताणात टिकत नाही. टाका बारीक ठेवा, आणि शिवताना एक हात सुईच्या पुढे, एक मागे धरून कापडाला हलका, सारखा ताण द्या. जोर लावलात तर शिवण लहरी घेते. अजिबात ताण दिला नाहीत तर घालताक्षणी दोरा तुटतो. पाव इंचावर दुसरी टीप मारा. मग शिवण दोन्ही हातांनी कचकन ओढून बघा. तुटायची असेल तर ती घरात तुटू दे, स्टेजवर नको. आसनाच्या जागी चौकोनी कळी घातलीत तर मुलाला उडी मारता येते, मांडी घालून बसता येतं. रेडिमेड पोशाखात ही कळी क्वचितच असते.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी पिको-फॉलच्या दुकानात जावं. साडीच्या काठाला पिको करणारी मशीन नागमोडी टाका घालते, आणि ताणाच्या कापडाला हवा असतो तो हाच टाका. कच्चा धागा घालून तुकडे घेऊन जा, बाजूच्या शिवणी करून द्या म्हणून सांगा. पीएम विश्वकर्मा योजनेत 2023 पासून शिंप्यांना अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत आहे. ती मिळणाऱ्या भावा-बहिणींनी आणखी एक सरळ टाक्याची मशीन घेण्यापेक्षा नागमोडी टाक्याची घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. लेगिंग आणि ट्रॅकपँट आता प्रत्येक घरात आहेत, आणि त्या दुरुस्त करून देणारं जवळपास कुणी नसतं.

केपला ताणाचं कापड नको. अस्तराचं सॅटिन पुरतं. 44 इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर घ्या. काठाच्या मध्यावर दोरी धरून पावणेचार इंचांवर गळ्याचं आणि साडेतीस इंचांवर घेराचं अर्धवर्तुळ काढा. कापल्यावर एक रात्र टांगून ठेवा, कारण तिरपं कापड लोंबून वाढतं. सकाळी कड सारखी करून मग दुमडा. गळ्याला नाडी, हूक, बटण काही नको, वेल्क्रोचे दोन तुकडे खांद्यांवर लावा. कुठे अडकली तर केप सुटून येईल, मूल सुखरूप राहील.

छातीवरचं चिन्ह बाजू शिवण्याआधी, पुढचा भाग सपाट असतानाच लावायचं. मागे पेस्टिंगचं कापड इस्त्रीने चिकटवा, पण मध्ये सुती फडकं ठेवा; लायक्रा गरम इस्त्रीने वितळतो. कडेने हाताने काजटाका घातला तरी उत्तम. चिन्ह ताणत नाही, म्हणून ते छातीभर करू नका. मास्क मात्र नकोच. स्टेजच्या पायऱ्या उतरताना मुलाला खालचं दिसलं पाहिजे.

आपण झाडीपट्टीची माणसं, नाटकं आपल्या ओळखीची. दिवाळीनंतर वडसाच्या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला राजा आणि खलनायक लांबून ओळखू येतात ते रंगावरून आणि आकारावरून. मुलाच्या पोशाखालाही तेच लागू आहे. रंग ठसठशीत ठेवा, चिन्ह साधं ठेवा. आतल्या शिवणीची सफाई कुणी बघत नाही, तिची मजबुती मात्र मुलाला जाणवते.

राहिली वेळेची गोष्ट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाया धानाच्या कापणीत असतात, पुढे मळणी. मशीनवर बसायला मिळते ती रात्र, आणि हा पोशाख एका रात्रीत होत नाही. वेशभूषा स्पर्धेची चिठ्ठी चार दिवस आधी घरी आली की आईपुढे विकतच्या पोशाखाशिवाय मार्ग उरत नाही, आणि ज्या घरात तेवढे पैसे नसतात त्या घरातलं मूल स्पर्धेत उतरतच नाही. म्हणून देवरी तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे: स्पर्धेची सूचना निदान महिनाभर आधी द्या, आणि घरी शिवलेल्या पोशाखासाठी वेगळं बक्षीस ठेवा.