पाळणा आणि हजेरीपट

रजा संपून कामावर रुजू होणे ही कचेरीच्या दृष्टीने अगदी साधी गोष्ट आहे. हजेरीपटावर सही झाली की कर्मचारी हजर झाला, एवढेच कचेरी जाणते. परंतु बाळंतपणाच्या रजेवरून परत येणारी स्त्री त्या सहीबरोबर खरोखर कामावर येते काय? तिचे शरीर पुरते सावरलेले नसते, रात्रीची झोप सलग लागलेली नसते आणि घरी ठेवलेल्या तान्ह्याच्या दुधाची वेळ तिच्या अंगाला घड्याळाच्या आधी कळते. अशा अवस्थेत विरारहून वा बदलापूरहून बायकांच्या डब्यात उभी राहून ती मुंबईच्या कचेरीत येते आणि पाहते तो तिचे टेबल दुसऱ्याकडे गेलेले, संगणकावरील कामाची पद्धत बदललेली, वरिष्ठही नवे! त्यातच कोणी सहज म्हणून जातो, "काय मॅडम, सहा महिने आराम झाला ना?" तिच्या डोळ्यांत पाणी का उभे राहते, हे त्या गृहस्थास कळतही नाही.

रजा देण्याचा विचार आपण पुष्कळ केला, परतण्याचा केला नाही, हे आज स्पष्टपणे सांगावयास हवे. रजेच्या बाबतीत मुंबईस अभिमान वाटावा असा इतिहास आहे. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूती साहाय्याचे विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला आणि 1929 साली तो कायदा झाला. त्या काळी गिरणगावातील आई पाळीवर जाताना अफूचा अंश असलेली बाळगोळी चाटवून मुलाला निजवीत असे. ती आई निर्दय नव्हती. मुलाला ठेवावयास तिला जागाच नव्हती. पुढे 1961 साली प्रसूती लाभाचा केंद्रीय कायदा आला आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. ही प्रगती लहान नव्हे.

परंतु ह्या 26 आठवड्यांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. त्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात आणि प्रवासाची दगदग असह्य झालेली स्त्री ते घेतेच. मग मागे उरतात 18 आठवडे. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा मूल चार महिन्यांच्या जेमतेम पुढे गेलेले असते. पहिले सहा महिने मुलाला केवळ आईचे दूध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. उष्टावण व्हावयाचे आहे आणि आईची रजा तर सरली आहे! ह्या मधल्या काळात काय करावयाचे?

कायद्याने ह्याचेही उत्तर दिले आहे. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत आईला दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सवड मिळाली पाहिजे. जेथे 50 वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर असले पाहिजे आणि मुलाला पाहण्यासाठी आईस दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे. संसदेने 2020 साली मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ह्या तरतुदी आहेत. शब्द उत्तम आहेत. परंतु चर्चगेटच्या कचेरीत बसलेल्या आईचे मूल साठ किलोमीटरांवर विरारला आजीच्या मांडीवर असेल, तर त्या सवडीचा आणि त्या चार भेटींचा उपयोग तो काय? पाळणाघर कामाच्या जागेजवळ नसेल, तर बाकीची सगळी सवलत कागदावरच राहते. मग ती आई जेवणाच्या सुट्टीत प्रसाधनगृहाचे दार लावून दूध काढते आणि पुष्कळदा ते टाकून देते. सुसंस्कृत म्हणविणाऱ्या शहरास ही गोष्ट शोभत नाही.

मालकवर्गाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कामगार राज्य विमा योजनेच्या कक्षेत येणाऱ्या स्त्रियांस प्रसूतीचा लाभ त्या योजनेच्या निधीतून मिळतो. इतरांच्या रजेचा सगळा पगार मालकानेच द्यावयाचा असतो. मोठ्या कंपनीस हा भार जाणवत नाही, पण दहा-पंधरा माणसांच्या संस्थेस तो जाणवतो आणि तरुण विवाहित मुलीला नोकरी देताना तिचा मालक मनातल्या मनात हिशेब करतो. तो उघड बोलत नाही एवढेच. डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच बजावले होते की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून ह्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे. मालकाला त्यांनी जबाबदारीतून मोकळे केले नव्हते, पण सरकारलाही सोडले नव्हते. आज सरकार मालकाकडे बोट दाखविते आणि मालक सरकारकडे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ह्या नोकरदार मातेची गत झाली आहे.

तेव्हा करावे काय? आमच्या मते काही गोष्टी उद्यापासून करता येण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, पुन्हा रुजू होणे ही एका तारखेची गोष्ट न मानता ती एका महिन्याची मानावी. रुजू होण्याचा दिवस सोमवार न ठेवता गुरुवार ठेवला, तर पहिला आठवडा दोन दिवसांचाच होतो आणि आई व मूल ह्या दोघांनाही पुढचे पाच दिवस कसे काढावयाचे ह्याचा अदमास येतो. कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास परस्परसंमतीने काही काळ घरून काम करण्याची मुभा कायद्यातच आहे. ती मागणारीला उपकारकर्त्याच्या आवाजात देऊ नये. पहिल्या महिन्यातील कामाच्या वेगावरून तिचा गोपनीय अहवाल लिहू नये. रजेच्या काळात काय काय बदलले, हे एखाद्या सहकाऱ्याने तिच्याजवळ बसून सांगावे. ह्यास पैसा लागत नाही, थोडी माणुसकी लागते.

दुसरी गोष्ट पाळणाघराची. प्रत्येक कचेरीने आपले वेगळे पाळणाघर काढावे असे कायदा म्हणत नाही. अनेक संस्थांनी मिळून ते चालवावे अथवा नगरपालिकेच्या पाळणाघराचा लाभ घ्यावा, अशी सोय संहितेत आहे. नरिमन पॉइंट, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरीची औद्योगिक वसाहत येथे शेकडो कचेऱ्या एकमेकींस लागून आहेत. महानगरपालिकेने जागा द्यावी, कचेऱ्यांनी खर्च वाटून घ्यावा आणि सरकारने तपासणी ठेवावी. मोटारी उभ्या करण्यासाठी ज्या इमारतींत मजलेच्या मजले राखून ठेवता येतात, तेथे पाळण्यांसाठी दोन खोल्या निघू नयेत काय?

तिसरी गोष्ट पित्याची. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यास 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती मुलाच्या जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. बारशाच्या गडबडीत ती संपवून टाकण्यापेक्षा पत्नी कामावर परतते त्या पंधरवड्यासाठी तिने साठवून ठेवलेला तो आधार ठरावा. खासगी नोकरीत कायद्याने अशी रजा नाही. ती असावयास हवी.

आणि हे सारे लिहीत असताना जिला रजाच नाही अशी स्त्री आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. घरकाम करणारी बाई सव्वा महिना होताच भांड्यांवर परत येते, भाजीवाली तान्हे पाठीशी बांधून मंडईत बसते. पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळाले तरी ते किती दिवस पुरणार? तिची मालकीण बहुधा नोकरदार असते आणि स्वतःच्या रजेसाठी भांडलेलीही असते. तिने आपल्या घरच्या बाईस पगारी रजा द्यावी, हा कायदा उद्या होवो न होवो, तिच्या हातचा आहे.

अफूची गोळी गेली, हे खरे. पण आईला कामावर जाताना मुलाला ठेवावयास जागा नाही, हा गिरणगावचा जुना प्रश्न काचेच्या इमारतींतही तसाच उभा आहे. तो सुटेल तेव्हाच हजेरीपटावरील तिच्या सहीला अर्थ येईल.