पहिलं गिऱ्हाईक कुठे शोधाल?

हिंजवडी म्हटलं की राजीव गांधी इन्फोटेक पार्क, इन्फोसिस, विप्रो, काचेच्या इमारती. बी.कॉम. झालेली, टॅली येणारी एखादी मैत्रीण घरून हिशेब लिहायचं काम सुरू करते, तेव्हा तिला वाटतं, एवढ्या कंपन्या आहेत, एक तरी मिळेलच! मला विचाराल, तर तिथे खेटे घालू नका. त्यांच्याकडे त्यांची माणसं असतात. आपलं काम आहे त्यांना माल आणि सेवा पुरवणाऱ्या छोट्या माणसांकडे.

याचं कारण जीएसटीत आहे. हा कर 1 जुलै 2017 ला आला. 1 जानेवारी 2022 पासून नियम कडक झाला. विकणाऱ्याने आपलं बिल पोर्टलवर चढवलं नसेल, तर घेणाऱ्याला त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे छपाईवाल्याने, स्टेशनरीवाल्याने किंवा हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराने रिटर्न उशिरा भरलं, की फटका कंपनीला. मग कंपनी पैसे अडवते, नाहीतर दुसरा पुरवठादार बघते. आणि ठेकेदाराचे पैसे अडले, की झाडूपोछा करणाऱ्या बायकांचा पगार लांबतो! शिवाय दिवसाला 50 रुपयांपर्यंत विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर 18 टक्के व्याज.

म्हणून ‘मी अकाउंट्स लिहिते’ एवढंच सांगू नका. ‘दर महिन्याच्या 11 तारखेच्या आत तुमची विक्रीची बिलं चढतील, 20 च्या आत कर भरला जाईल’ असं सांगा. दुकानदाराला हीच भाषा कळते.

दुसरं दार सीएच्या ऑफिसचं. रिटर्नच्या दिवसांत तिथे नोंदी करायला हात कमी पडतात. तिथलं काम नीट झालं, की पुढची गिऱ्हाइकं त्यांच्याच शब्दावर येतात. तिसरं दार आपल्याच सोसायटीचं. मार्चअखेरचे हिशेब लावून, ऑडिट करून 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. ऑडिट आपण करायचं नसतं, पण वह्या तयार करून देता येतात.

आता पैशाचं. ‘घरीच तर असते, जमेल तेव्हा करेल’ म्हणून फुकट काम गळ्यात पडतं, ते नातेवाइकांकडूनच! पहिल्या महिन्यापासून ठरलेली फी घ्या, काय करणार आणि काय नाही ते लिहून द्या. ओटीपी मालकाच्याच मोबाइलवर येऊ द्या. फक्त सेवाच देत असाल, तर वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सहसा तुम्हाला स्वतःला जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

तुमच्या गावात हिंजवडी नसेल. पण एमआयडीसी, साखर कारखाना, मार्केट यार्ड, यातलं काहीतरी असेलच ना? त्यांना बिल कोण कोण देतं, याची यादी आजच करा. पहिलं गिऱ्हाईक त्या यादीतच सापडेल.