जन्मदात्यांचा हक्क

देवकी आणि यशोदा यांची कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. गोकुळांतील लाडकोडाचें वर्णन करतांना आपली वाणी थकत नाहीं; पण मथुरेच्या बंदिशाळेंतील देवकीला काय वाटत असेल, याचा विचार फार थोडे करितात. आजही एखादें मूल संगोपनासाठीं दुसऱ्या घरीं ठेविलें गेलें, म्हणजे आपण त्या घराच्या औदार्याची स्तुति करितों. ती योग्यच होय. परंतु मुलाच्या आईबापांचा त्याजवरील हक्क त्या दिवशींच संपला असें मानणें अन्यायाचें आहे.

दत्तक आणि प्रतिपालकत्व यांतील भेद प्रथम ध्यानांत घ्यावा. दत्तविधानानें मूल कायद्यानें नव्या कुटुंबाचें होतें; प्रतिपालकत्व ही कांहीं काळापुरती व्यवस्था असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचें कलम ४४ या बाबतींत स्पष्ट आहे. आईबाप असमर्थ ठरल्यामुळें बालकल्याण समितीनें मूल दुसऱ्या कुटुंबांत ठेविलें असेल, तर त्यांस ठराविक काळानें त्याची भेट घेतां येते. भेट मुलाच्या हिताची नाहीं असें समितीस वाटल्यास तिनें तशीं कारणें नमूद केलीं पाहिजेत. आईबाप पुन्हां समर्थ झाल्याचें ठरलें, म्हणजे मूल स्वगृहीं परतूं शकतें. समितीचा निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांच्या आंत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करितां येतें.

कोणी विचारील, दारूच्या नशेंत मुलास मारणाऱ्या बापास कसला हक्क? मुलाची सुरक्षितता सर्वांआधीं, याविषयीं दुमत नाहीं. म्हणूनच भेट थांबविण्याची सोय कायद्यांत आहे. पण आजार, वैधव्य किंवा बेकारी यांमुळें खचलेल्या आईबापांस त्याच तराजूंत तोलूं नये. दारिद्र्य हा गुन्हा नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९८२ सालीं असाच निवाडा दिला कीं, आईबाप आदर्श नाहींत अथवा मूल तूर्त सरकारच्या ताब्यांत आहे, एवढ्यानें त्यांचा मूलभूत अधिकार लोपत नाहीं. तो कायमचा तोडावयाचा तर स्पष्ट व खात्रीलायक पुरावा पाहिजे.

खरी अडचण हक्क बजावण्यांत आहे. समजा, बीडकडील एक विधवा ऊसतोडीसाठीं कित्येक महिने परजिल्ह्यांत असते. भेटीच्या दिवशीं येण्यास तिला मजुरी बुडवावी लागते व गाडीभाडें उसनें घ्यावें लागतें. ती आली नाहीं, तर तिला माया नाहीं असें म्हणावें काय? भेटीचा दिवस तिच्या कामाच्या सोयीनें ठरावा व प्रवासखर्च सरकारनें द्यावा, असें आमचें मत आहे. १९८७ च्या कायद्यानें कोणत्याही स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळूं शकतो. पण ही गोष्ट तिला सांगणार कोण? हें काम आपण सुशिक्षितांचें आहे.

पालकहो, असें मूल आपल्या घरीं आलें तर त्याच्या आईचें नांव आदरानें घ्या. विद्यार्थीमित्रांनो, असा सोबती वर्गांत असेल तर त्याला "तुला टाकून दिलें" असें कधींही म्हणूं नका. दोन घरांवर प्रेम करण्याची मोकळीक त्याला मिळाली, तर त्यांत कोणत्याच घराचें नुकसान नाहीं.