आमच्या गिलासात काय हाय?

दोस्तहो, मुंबईत आता नशेवर लई शहाणी चर्चा चालते. एल.एस.डी.चा कागद जिभेवर ठेवण्याआधी त्याच्या तुकड्यावर रसायनाचा थेंब टाका, जांभळा होतो का बघा. एकट्यानं घेऊ नका. दोन नशा एकत्र करू नका. शुद्धीतला एक दोस्त शेजारी बसवा. याला म्हणतात हानी कमी करणं. मी मॅट्रिक, गोदीत ओझी वाहणारा. मला हे पटतं. माणूस मरू नये, एवढाच त्याचा अर्थ.

मग हे शहाणपण देगलूर-बिलोली-धर्माबादच्या शिवेपर्यंत काऊन येत नाही?

तिथं शिंदी पितात. झाडावरची न्हवं, पिंपातली. तिच्यात क्लोरल हायड्रेट, कुठं अल्प्राझोलम, डायझेपाम. सगळी गुंगीची औषधं. पिणाऱ्याला वाटतं, झाडाचा रस पितोय. माझा बाप वीस वर्षं तेच प्याला. एक दिवस धाड पडली, दुकान बंद, पेपरात फोटो. तिसऱ्या दिवशी बापाला झटके आले. गल्ली म्हणली, अंगात आलं. दवाखाना म्हणला, बेवडा हाय, पडू दे. पहाटे गेला. गिलासात काय होतं, कुणी तपासलं नाही.

असली औषधं रोज घेणाऱ्याची एकदम तोडली की झटके येतात, भास होतात, जीवही जातो. ती डॉक्टरच्या हाताखाली हळूहळू उतरवायची असतात. तेलंगणात २०१५ला भेसळीच्या शिंदीवर कारवाई झाली, आणि पिणारे असेच दवाखान्यांत भरती झाले. तरी शिवेअलीकडं कुणी धडा घेतला नाही.

बाप पीत काऊन होता? १९७८ला नामांतराच्या वेळी टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं, वस्त्या जाळल्या. बाप तेव्हा आठ वर्षांचा. जळती घरं त्यानं डोळ्यांनी पाहिली. तवापासून रातीला ओरडत उठायचा. शिंदी पिली की झोपायचा.

अशा जुन्या धास्तीवर ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून मनाचे डॉक्टर एम.डी.एम.ए. देऊ शकतात, हटत नसलेल्या नैराश्यावर सायलोसायबिन. अमेरिकेनं २०२४ला एम.डी.एम.ए.चा पुरावा अपुरा ठरवला. म्हणजे वाद मिटलेला नाही. चालू द्या वाद. पण ३० सप्टेंबर १९९३ला लातूरच्या किल्लारीत ढिगाऱ्याखालून निघालेल्यांची धास्ती कुणी मोजली? सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यातलं एकही न्हाई. आम्हाला नवं द्रव्य नंतर द्या, आधी मनाचा डॉक्टर द्या.

आपल्यातलेच काही तोंड वाकडं करतील. पाचवं शील मोडणाऱ्याची बाजू घेतोस? शील मलाही पाठ हाय, मी पीत नाही. पण शील जित्या माणसाला पाळता येतं, मढ्याला न्हाई.

आमची मागणी साधी. जप्त शिंदीत काय सापडलं ते गावच्या चावडीवर लिहा. धाड टाकायच्या आधी दवाखान्यात खाटा आणि औषध तयार ठेवा.

आणि तोवर पोरांनो, हे आपणच वस्तीत सांगायचं. शिंदी एकदम तोडू नका, माणसाला डॉक्टरकडं न्या. पिलेल्याला झोपेची गोळी देऊ नका. फुकटची नशा म्हणून धोतऱ्याचं बी चघळू नका, ते विष हाय. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, १०८ला फोन लावा. आणि गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. माझ्या बापाजवळ त्या राती हे ठाऊक असलेलं कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हतो.