धन्याची दया आणि दासाची सुटका

महासती चंदनेची कथा जैन घरांतील मुले लहानपणापासून ऐकत आली आहेत. दिगंबर परंपरेत ती वैशालीच्या चेटक राजाची कन्या आहे, तर श्वेतांबर परंपरेत चंपानगरीची राजकन्या वसुमती. तपशिलांत असा भेद असला तरी दोन्हीकडे ती कौशांबीच्या एका श्रेष्ठीच्या घरी द्रव्याच्या मोबदल्यात आलेली दासी आहे. शेठाणीच्या मत्सरामुळे ती बेड्यांत पडते आणि त्याच अवस्थेत भगवान महावीरांना आहारदान करण्याचे भाग्य तिला लाभते. पुढे ती ३६,००० आर्यिकांच्या संघाची प्रमुख झाली. बेड्या गळून पडल्याचा प्रसंग श्रोते भक्तिभावाने ऐकतात. मात्र राजकन्येला दासी करणाऱ्या व्यवहाराचा विचार क्वचितच होतो.

श्वेतांबर कथेतील धनावह शेठ दुष्ट नव्हता. त्याने चंदनेला मुलीप्रमाणे वागविले. पण तो परगावी जाताच त्याच घरात तिचे मुंडन झाले, पायांत बेड्या पडल्या आणि तीन दिवस ती अन्नावाचून कोंडली गेली. धन्याची दया खरी होती. परंतु त्या दयेपलीकडे चंदनेला कोणताही आधार नव्हता.

हेच सत्य हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकन लेखिकेने १८५२ साली ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीत मांडले. त्यातील शेल्बी हा गुलामांचा धनी स्वभावाने सौम्य आहे. परंतु तो कर्जात बुडतो आणि ते फेडण्यासाठी मध्यमवयीन टॉम व एलायझा या दासीचा लहान मुलगा यांना विकावयास काढतो. सौदा कानी पडताच एलायझा रात्रीच मुलाला घेऊन पळते आणि ओहायो नदीतील तरंगत्या हिमखंडांवरून उड्या घेत पैलतीर गाठते. टॉम मात्र पळून जात नाही. त्याचा पुढचा धनी सेंट क्लेअर याहूनही उदार आहे. तो टॉमला मुक्त करण्याचे वचन देतो. परंतु कागदपत्रे पूर्ण होण्यापूर्वीच त्याचा मृत्यू होतो आणि टॉम पुन्हा बाजारात उभा राहतो. दोन सज्जन धन्यांकडे राहूनही टॉमची सुटका झाली नाही.

कादंबरी अतिरंजित असल्याचा आरोप झाला, तेव्हा स्टो यांनी १८५३ मध्ये आधारभूत कागदपत्रांचे स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. त्याच वर्षी इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये त्यांच्या सत्कारार्थ मोठ्या सभा भरल्या. स्त्रीने भरसभेत बोलणे त्या काळी शिष्टसंमत नसल्यामुळे लेखिका मंचावर मूक बसत आणि त्यांच्या वतीने पती भाषण करीत. दास्याविरुद्ध जगाला जागे करणाऱ्या लेखिकेलाही स्वतःचा आवाज सभेत उमटविता येत नव्हता.

हा विषय सातारा-सांगलीकरांना परका नाही. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात. किल्ल्यांवर, पागांत आणि सधनांच्या वाड्यांत त्या राबत. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्काला न्यायालयाचा आधार काढून घेतला. ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला.

जैन श्रावकाचाराने या प्रश्नाकडे फार पूर्वीच लक्ष वेधले होते. परिग्रह-परिमाण व्रतात जमीन, सोने व धान्य यांच्याबरोबर दासी-दास यांचीही मर्यादा घालावयास सांगितली आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या व्यवसायांत केशवाणिज्याचा, म्हणजे दास व पशू यांच्या व्यापाराचा, समावेश आहे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बांधणे, कुवतीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे दोष येतात. चंदनेला शेठाणीने दिलेली शिक्षा या अतिचारांतच मोडते. तथापि, मर्यादा घातली तरी माणूस परिग्रहाच्या यादीतच राहिला होता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या यादीतून त्याचे नाव पुसणे हे पुढच्या पिढ्यांचे काम होते.

ते काम अद्याप संपलेले नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आणि तिच्यापोटी असलेली कर्जेही संपुष्टात आली. तरीही दरवर्षी गळीत हंगामात सातारा-सांगलीच्या शिवारात मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना काम सोडणे कठीण असते. उचलीचा हिशेब बहुधा मुकादमाच्या वहीत असतो. मजुराच्या हाती त्याची प्रत क्वचितच असते. शेल्बीच्या घरी धन्याच्या कर्जापायी दास विकला गेला. येथे मजूर स्वतःच्याच कर्जात अडकतो.

घरकाम करणाऱ्या बाईंविषयी ‘त्या आमच्या घरच्याच आहेत’ असे कौतुकाने म्हटले जाते. ती भावना खरी असते. पण ठरल्या तारखेला पगार, आठवड्याची सुटी, आजारपणातील रजा आणि उसनवारीची लेखी नोंद यांची जागा ती भावना घेऊ शकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जैन घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. गरिबांच्या मुलांना त्यांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दिला. तेथे मुलगा कोणाच्या मेहरबानीवर शिकत नव्हता. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हा त्याचा हक्क होता.

येत्या दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी श्रावक-श्राविका आपल्या परिग्रहाचा आढावा घेतील. त्या वेळी घरी व शेतावर राबणाऱ्यांच्या हिशेबाची वहीही उघडावी. त्यांचे येणे द्यावे, हिशेबाची प्रत त्यांच्या हाती द्यावी आणि त्यांची मुले शाळेत जातात की नाही, याचीही विचारपूस करावी.